ख्रिस्ती शाळांतील अध्यापकप्रशिक्षण : ला सालची परंपरा

ख्रिस्ती धर्मसंघांनी चालविलेल्या शाळांतील शिक्षकांना अभ्यासक्रम व अध्यापन यांविषयी सेवापूर्व आणि सेवांतर्गत शिक्षण देण्याची व्यवस्था. जेझुइट संघाने १५९९ मध्ये ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही शिक्षणसंहिता प्रसिद्ध करून आपल्या विद्यालयांतील अध्यापनाला शिस्त लावली. तथापि ती लॅटिन भाषेच्या व त्यापुढील उच्च शिक्षणासाठी होती. गोरगरिबांच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाचाही एक व्यवसाय असतो व तो शिकावा लागतो, ही जाणीव प्राथमिक शाळांत रुजविण्याचे मोठे श्रेय झां बातीस्त द ला साल (३० एप्रिल १६५१ – ७ एप्रिल १७१९) या फ्रेंच धर्मगुरूकडे आणि त्याने स्थापन केलेल्या ‘ख्रिस्ती शाळांचे बंधू’ या संघाकडे जाते.

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये धर्मादाय शाळांतील शिक्षकाचे काम हा बहुधा दुसरे काही न साधल्यास पतकरावयाचा उद्योग होता. वेतन अपुरे, प्रतिष्ठा नाही आणि शिक्षणाची पूर्वतयारी तर नाहीच, अशी त्याची स्थिती असे. एका वेळी एका मुलाला जवळ बोलावून त्याचा धडा घ्यावयाचा व तोवर इतरांनी आपापले काही करीत बसावयाचे, ही रूढ पद्धत होती. साहजिकच शाळेतील बराच वेळ गोंगाटात आणि तो थांबविण्यासाठी करावयाच्या शिक्षेत जाई.

ला साल हा रीम्स येथील सधन घराण्यातला. वयाच्या सोळाव्या वर्षीच तो तेथील कॅथीड्रलचा कॅनन, म्हणजे मानाचे वेतन मिळणारा धर्माधिकारी, झाला होता. १६७९ मध्ये आद्रियां न्येल हा शाळाचालक रीम्सला आला व त्याच्या साहाय्याने तेथे मुलांच्या मोफत शाळा निघाल्या. न्येल हा उत्साही, पण एका जागी न टिकणारा गृहस्थ होता. शाळा उघडणे सोपे, त्या चालविणारी माणसे घडविणे अवघड, हे ला सालच्या लौकरच ध्यानात आले. १६८१ मध्ये त्याने शिक्षकांना आपल्या घरी राहावयास आणले. घरच्या मंडळींना हे रुचले नाही आणि ती शिस्त न मानवून पहिल्या शिक्षकांपैकी बहुतेक जण निघून गेले. जे नवे आले, त्यांनी त्याच्यापुढे एक रोखठोक प्रश्न ठेवला : शाळा उद्या बंद पडल्या, तर तुम्हाला तुमचे वेतन आणि वडिलोपार्जित संपत्ती आहे, आमचे काय? ला सालने १६८३ मध्ये कॅननपदाचा त्याग केला आणि १६८४–८५ च्या दुष्काळात आपली संपत्ती अन्नदानात वाटून टाकली. अध्यापकप्रशिक्षणाच्या इतिहासात ही घटना सहसा धार्मिक त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी यांची आर्थिक स्थिती एकच झाल्याशिवाय शिक्षक त्याचे ऐकणार नाहीत, हा तीमागील व्यावहारिक अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे.

या संघातील सभासद धर्मगुरू नव्हेत, तर ‘बंधू’ होत. त्यांनी पौरोहित्याची दीक्षा घ्यावयाची नाही आणि लॅटिन शिकावयाचे अथवा शिकवावयाचे नाही, असा नियम होता. लॅटिन येणारा शिक्षक वरच्या पदाकडे आकृष्ट होतो व खालचा वर्ग ओस पडतो, ही त्यामागील दृष्टी होय. अभ्यासक्रमातही वाचनाचा प्रारंभ त्या वेळी सर्रास होत असे तसा लॅटिनपासून न करता फ्रेंचपासून करण्यात आला. शार्त्रच्या बिशपांनी या बदलाला हरकत घेतली, तेव्हा ला सालने आपली कारणे लेखी मांडली : मातृभाषेतील वाचन लौकर येते, गरिबाच्या मुलाला शाळेत थोडीच वर्षे मिळतात, आणि अर्धवट लॅटिन वाचता येणारा मुलगा शाळा सोडतो, तेव्हा त्याला कोणतीच भाषा धड वाचता येत नाही.

या अनुभवांतून ‘काँद्वीत देझ एकोल क्रेत्येन’ (ख्रिस्ती शाळांची कार्यपद्धती) हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे उपलब्ध हस्तलिखित १७०६ चे असून, ला सालच्या मृत्यूनंतर १७२० मध्ये आव्हीन्यों येथे तो प्रथम छापण्यात आला. हा एका व्यक्तीने अभ्यासिकेत बसून लिहिलेला ग्रंथ नव्हे. अनुभवी बंधूंच्या वारंवार झालेल्या विचारविनिमयातून व वर्गातील पडताळ्यातून तो तयार झाला, असे त्याच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. शिक्षकांनी स्वतः दुरुस्त करीत नेलेली अध्यापनसंहिता हे तिचे स्वरूप ध्यानात घेतले, म्हणजे तीतील बारकाव्यांचे आश्चर्य वाटत नाही.

वाचनाचे एकूण नऊ टप्पे तीत सांगितले आहेत. अक्षरांचा तक्ता, शब्दावयवांचा तक्ता व शब्दावयवांचे पुस्तक यांनंतर क्रमाने तीन वाचनपुस्तके, मग लॅटिन स्तोत्रसंहिता, त्यानंतर शिष्टाचाराचे पुस्तक आणि शेवटी हस्तलिखित कागदपत्रे, असा तो क्रम होता. पावत्या, करारनामे यांसारखे वळणदार व दुर्बोध अक्षरातील कागद वाचता येणे कारागिराच्या मुलाच्या फार उपयोगाचे होते. बहुतेक टप्प्यांत नवशिके, मध्यम आणि तयार असे तीन गट पाडलेले असत. अंकगणितात लीव्र, सोल व दन्ये या चलनातील हिशेब असत. २० सोलचा एक लीव्र आणि १२ दन्यांचा एक सोल होत असल्याने बेरीज-वजाबाकीही मुलांना सोपी नव्हती.

एकाच पातळीवरील सर्व मुलांच्या हाती एकच पुस्तक, एकाने मोठ्याने वाचावयाचे व इतरांनी मनात त्याच्याबरोबर जावयाचे, ही सामूहिक अध्यापनपद्धती या शाळांनी व्यवस्थितपणे अंमलात आणली. शिक्षकाने शक्यतो बोलू नये, म्हणून त्याच्या हाती ‘सिन्याल’ नावाचे एक लहानसे साधन दिलेले असे. त्याच्या ठोक्यावर वाचणारा थांबे, चूक सुधारी किंवा पुढच्यास वाचावयास सांगितले जाई. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या साधनामुळे शिक्षकाचे लक्ष स्वतःच्या बोलण्यावरून मुलांच्या वाचनाकडे वळले. ही पद्धत सर्वस्वी नवी मात्र नव्हती. तिची बीजे कोमीनिअस, प्येर फूर्ये इत्यादींच्या विचारांत आढळतात. त्याचप्रमाणे ला सालने जगातील पहिले अध्यापक विद्यालय काढले, हे विधानही जपूनच करावयास हवे. कारण लीआँ येथे शार्ल देमिया याने शिक्षकांच्या तयारीसाठी त्यापूर्वीच संस्था काढली होती.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने संहितेचा सर्वांत मौलिक भाग नव्या शिक्षकांना घडविणाऱ्या प्रशिक्षकासंबंधीचा आहे. पण १७२० च्या मुद्रित आवृत्तीत तो आला नाही आणि संघाच्या अधिकाऱ्यांपुरता हस्तलिखितातच राहिला. प्रशिक्षकाची कामे त्यात दोन सांगितली आहेत : नवशिक्षकांत असलेले, पण नसावे ते काढून टाकणे आणि नसलेले, पण असावे ते त्यांना देणे. काढून टाकावयाच्या गोष्टींत अतिबोलकेपणा, चंचलता, कठोरपणा, उतावीळपणा, काही मुलांविषयी तिटकारा व काहींविषयी विशेष माया, नैराश्य यांचा समावेश होतो. द्यावयाच्या गोष्टींत निश्चय, अधिकार, सावधपणा, मनमिळाऊ वागणूक आणि मुलांना समजेल असे स्पष्ट बोलण्याची हातोटी या येतात. विषयज्ञानापेक्षा वर्गातील वर्तनावर येथे भर दिसतो. नवा शिक्षक अनुभवी शिक्षकाच्या जोडीने काम शिके. वर्ग परस्परांना लागून ठेवण्यात येत व शाळेत एकटा बंधू कधीही पाठविला जात नसे. निरीक्षकाची वर्गभेट ही केवळ तपासणी नसून तिच्यातून शिक्षकाचे शिक्षण पुढे चालू राहावे, अशी अपेक्षा होती. शारीरिक शिक्षेला संहितेत स्थान आहे, हे लपविण्याचे कारण नाही. मात्र ती क्वचित, रागाच्या भरात नव्हे आणि ठरलेल्या मर्यादेतच द्यावी, असे बंधन होते. त्या काळच्या शाळांच्या मानाने ती सुधारणा असली, तरी आजच्या कसोटीला ती उतरत नाही.

संघाबाहेरील शिक्षकांसाठी केलेले प्रयत्न मात्र फारसे टिकले नाहीत. खेड्यांतील पाद्री एकेका शिक्षकाची मागणी करीत आणि एकटा बंधू पाठवावयाचा नाही, असा नियम. यावर तोड म्हणून खेड्यांतीलच तरुणांना वाचन, लेखन, गणित व चर्चमधील गायन शिकवून परत धाडण्यासाठी १६८७ च्या सुमारास रीम्स येथे अध्यापक विद्यालय काढण्यात आले. ला साल १६८८ मध्ये पॅरिसला गेला व ते पुढे बंद पडले. दुसरे विद्यालय पॅरिसच्या सँतिपोलीत पॅरिशमध्ये १६९९ मध्ये निघाले व त्याला सरावासाठी शाळाही जोडलेली होती. संघाला कायद्याने मान्यता नसल्यामुळे तेथील पाद्र्याने मृत्युपत्रान्वये संस्थेसाठीचा निधी निकोला व्हीयार या बंधूच्या नावे ठेवला. व्हीयारने तो स्वतःचा मानून संघ सोडला आणि विद्यालय मोडले. १६९१ मध्ये, संघ कोलमडत असताना, काहीही झाले तरी तो सोडणार नाही, अशी ला सालबरोबर शपथ घेणाऱ्या दोघांपैकी हा एक होता. सँ-दनी येथील तिसरे विद्यालय क्लेमां या तरुण आबेच्या देणगीच्या भरवशावर उभे राहिले. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान असल्याचे सांगून त्याच्या वडिलांनी दावा लावला व १७१२ मध्ये निकाल ला सालच्या विरुद्ध गेला. याच काळात पॅरिसमधील लेखनशिक्षकांच्या श्रेणीनेही आपला धंदा बुडतो म्हणून त्याच्यावर खटले भरले होते. गरिबीचा दाखला न मागता सर्वांनाच फुकट शिकविले जाते, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती.

तिन्ही विद्यालये अध्यापनशास्त्रातील उणिवेमुळे नव्हे, तर मालमत्ता व कायदा यांच्या आधाराअभावी बंद पडली. संघाला राजाची सनद १७२४ मध्ये व पोपची मान्यता १७२५ मध्ये मिळाली; दोन्ही ला सालच्या पश्चात. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९२ मध्ये, संघ विसर्जित करण्यात आला व नेपोलियनच्या काळात तो पुन्हा उभा राहिला. प्रत्येक विभागाने प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय चालवावे, ही तरतूद फ्रान्समध्ये १८३३ च्या गीझो कायद्याने झाली. म्हणजे जे ला सालला देणग्यांवर साधले नाही, ते शासनाने कायद्याने केले. पोप बाराव्या पायस यांनी १९५० मध्ये ला सालला शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

फ्रान्समध्ये १९०४ च्या कायद्याने धर्मसंघांना अध्यापनाची बंदी झाल्यावर अनेक बंधू परदेशी गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर बंधूंची संख्या वेगाने घटली आणि या शाळांतील बहुसंख्य शिक्षक आता संघाबाहेरचे, विवाहित स्त्रीपुरुष आहेत. आशियातील देशांत त्यांपैकी अनेक ख्रिस्तीही नाहीत. त्यामुळे प्रशिक्षणाचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे : एकत्र राहणाऱ्या बंधूंमध्ये सहवासाने जे दिले जाई, ते संध्याकाळी आपापल्या घरी जाणाऱ्या शिक्षकांना कसे द्यावयाचे? अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू झालेला बटिमर अभ्यासक्रम हे त्याचे एक उत्तर होय. संघाचे पहिले अमेरिकन प्रमुख चार्ल्स हेन्री बटिमर यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. तीन उन्हाळ्यांत प्रत्येकी दोन आठवडे चालणाऱ्या या अभ्यासक्रमात शिक्षक ला सालचे चरित्र, त्याचे अध्यापनविचार व त्याची आध्यात्मिक बैठक यांचा क्रमाने अभ्यास करतात. विषयवार अध्यापनकौशल्ये शिक्षक सामान्यतः त्या त्या देशातील विद्यापीठांत व शासनमान्य संस्थांत शिकून येतात.