नरसीचा नामा घुमानला कसा रुजला

अमृतसरच्या सुवर्णमंदिरात रोज गुरुग्रंथसाहिबाचे पठण चालते. त्या ग्रंथात आपल्या पंढरीच्या विठ्ठलाचे नाव आहे. बीठल, बीठुला अशी त्याची रूपे शीख भाविक शेकडो वर्षे गात आले आहेत. हे नाव तिथवर नेले एका शिंप्याने, आणि परंपरा त्याचे मूळ गाव सांगते हिंगोली जिल्ह्यातले नरसी, कयाधू नदीच्या काठचे. संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा. काही अभ्यासक जन्मस्थान म्हणून पंढरपूरचे नाव घेतात, पण नरसीने आपल्या नावापुढे नामदेव कायमचे जोडून घेतले आहे.

पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात, बियास आणि रावी या नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात, घुमान नावाचे गाव आहे. नरसीपासून नकाशावर सरळ रेघ ओढली तरी ते १३०० किलोमीटरांहून दूर पडते. नामदेव तिथे जवळजवळ वीस वर्षे राहिले, अशी परंपरा आहे. तीर्थयात्रा करून परतणारे पुष्कळ होते. हा माणूस उतारवयात परमुलखात घर करून राहिला. काळी माती, ज्वारीची भाकरी आणि कयाधूचे पात्र मागे टाकून, धुक्याने भरलेल्या पंजाबी हिवाळ्यात. तिथले लोक आजही त्यांना बाबा नामदेव म्हणतात. परक्या मुलखात माणूस एवढा खोल कसा रुजतो, याचे मला फार नवल वाटते.

चौदाव्या शतकात आणखी एक पाहुणा दिल्लीत आला होता. मोरोक्कोतल्या टँजियरचा इब्न बतूता. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी केले. हुद्दा होता, पगार होता, सुलतानाची मर्जी होती. मर्जी डळमळली तसा त्याचा दिल्लीतला पायही डळमळला आणि तो पुढे निघून गेला. नामदेवांना कोणी हुद्दा दिला नव्हता. त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, हातातला धंदा आणि गळ्यातले कीर्तन. कोणत्याही सुलतानाला त्या काढून घेता आल्या नसत्या.

धंद्याचे आधी पाहू. महाराष्ट्रात नामदेव शिंपी. पंजाबात त्यांचा वारसा सांगणारा मोठा समाज छिंबा म्हणून ओळखला जातो. कापड छापणे, रंगवणे आणि शिवणे हे त्याचे परंपरागत काम. म्हणजे नव्या मुलखात नामदेवांना ज्यांनी आपले म्हटले, त्यांचे हात त्यांच्याच हातांसारखे होते. गुरुग्रंथसाहिबात कबीरांच्या नावाने दोन दोहे आहेत. त्यांत त्रिलोचन नावाचे संत नामदेवांना विचारतात, की तुम्ही कापड छापत काय बसता, देवाकडे चित्त का लावत नाही? नामदेवांचे उत्तर असे, की हातपाय कामात असू द्यावेत आणि चित्त देवापाशी. नामदेवांच्या स्वतःच्या एका पदात तर मन हाच गज होतो आणि जीभ कात्री. ज्या घरात कापड रोज मोजले आणि कापले जाते, त्या घराला असे पद समजावून सांगावे लागत नाही.

मग भाषा. ग्रंथातली त्यांची ६१ पदे त्या काळच्या उत्तरेतल्या लोकभाषेत आहेत, पण त्यांत मराठी जागोजागी डोकावते. नामांना लागणारे चा, ची, चे तिथे आहेत आणि क्रियापदांचे आपल्या ओळखीचे लकारही. रामकली रागातले एक पद मला सर्वांत मोलाचे वाटते. एक पोरगा कागद आणतो, पतंग कापतो, आकाशात सोडतो. सवंगड्यांशी त्याच्या गप्पा रंगात आल्या आहेत, पण लक्ष दोरीवर. बाया पाण्याला गेल्या आहेत, हसताहेत, टाळ्या देताहेत, आणि चित्त मात्र घागरीत. गाय पाच कोसांवर चरते आहे, जीव वासरात. आई घरकामात गुंतली आहे, ध्यान पाळण्यातल्या लेकराकडे. पदाचा अर्थ भक्तीचा आहे, तो तसाच घ्यावा. पण ‘आनीले’, ‘काटीले’ अशी मराठी कानाला घरची वाटणारी क्रियापदे घेऊन उत्तरेच्या अंगणात उभा असलेला हा कवी मला त्यात स्पष्ट दिसतो. इतक्या बारकाईने रोजचे जगणे तोच टिपतो, जो गल्लीत रोज वावरतो. आणि त्याची बोली नवी होते आहे, जुनी पुसली जात नाही.

तिसरी गोष्ट आठवणींची. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ आहे. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते तिथे, अशी कथा आहे. तिथलीच दुसरी कथा घरोघर ठाऊक आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मंदिरासमोरून उठवले, ते मागच्या बाजूला जाऊन बसले, आणि मंदिरच त्यांच्याकडे फिरले. औंढ्याला नंदी देवळाच्या मागे आहे, त्याचे कारण लोक हेच सांगतात. आता गुरुग्रंथसाहिब उघडा. तिथे नामदेवांच्याच शब्दांत तो प्रसंग आहे. हीन जातीचा म्हणून त्यांना उठवले जाते, ते आपली कांबळ उचलून देवळामागे जाऊन बसतात आणि देऊळ वळते. पदात गावाचे नाव नाही. औंढ्याची माती पायांना कधी न लागलेली माणसे पंजाबात हा प्रसंग गातात. ज्या अपमानाने नामदेवांना देवळाबाहेर काढले, तो त्यांनी नव्या मुलखात लपवला नाही, उघड गायला. आणि ऐकणाऱ्यांत तसाच अपमान सोसलेले किती असतील!

गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ, म्हणजे गुरुग्रंथसाहिबाचे मूळ रूप, सिद्ध केला, तेव्हा नामदेवांना जाऊन अडीच शतके उलटली होती. एवढा काळ ती पदे पंजाबच्या गळ्यांत टिकली, म्हणून तर ग्रंथात आली.

या वाटेवर नंतर उलटी पावलेही पडली. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले आणि तिथेच त्यांचे देहावसान झाले. १८३२ नंतरच्या काही वर्षांत महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने तिथे गोदाकाठी तख्त सचखंड श्री हजूरसाहिबची इमारत उभी राहिली. पंजाबातून आलेली कितीतरी घराणी मराठवाड्यात राहिली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज गुरुद्वारात गुरबानी म्हणतात आणि बाजारात मराठी बोलतात. नांदेडहून नरसी काही तासांच्या अंतरावर. पंजाबातले भाविक तिथेही येतात, आपल्या बाबांचे गाव पाहायला. आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. गावाने मराठी माणसांचे स्वागत केले ते पाहुणे म्हणून नव्हे, बाबांच्या माहेरची माणसे म्हणून, असे मी तरी मानतो.

नामदेवांनी देह कुठे ठेवला, याविषयी मात्र दोन्ही मुलखांचे म्हणणे वेगळे आहे. महाराष्ट्र सांगतो, १३५० साली पंढरपूरला, विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातल्या पायरीशी. म्हणून तिला नामदेव पायरी म्हणतात आणि वारकरी तिच्यावर पाय न देता पुढे जातात. घुमान सांगते, आमच्याकडे. तिथे त्यांचे स्मारक-मंदिर आहे, आणि दरवर्षी जानेवारीत, पंजाबी माघाच्या दुसऱ्या दिवशी, बाबा नामदेवांच्या पुण्यतिथीची मोठी जत्रा भरते.