हीटसिंक चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं?

पीएचडीच्या सुरुवातीला माझी दोन आठवड्यांची रीडिंग्ज एका प्रश्नाने बाद झाली. मी दोन हीटसिंकची तुलना करत होतो. ६५ वॅटच्या लोडवर पहिल्याने तापमान ५८ अंशांवर थांबवलं, दुसऱ्याने ६४ वर. म्हणजे पहिला भारी! मॅडमनी एवढंच विचारलं, "खोलीत किती अंश होते?" मी लिहूनच ठेवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एसी चालू होता, दुसऱ्यात बंद पडला होता.

हीटसिंक उष्णता संपवत नाही, फक्त हवेच्या हवाली करतो. म्हणून तापमान हवेपेक्षा किती अंश चढलं ते बघायचं आणि त्याला वॅटने भागायचं. हा झाला औष्णिक रोध. तो जितका कमी तितकं चांगलं. समजा रोध दर वॅटला ०.५ अंश आहे. ६५ वॅटला वाढ ३२.५ अंश. २५ अंशांच्या खोलीत आकडा ५७.५ येईल, मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ७२.५. हीटसिंक तोच, हवा वेगळी.

मग रोध कमी करायला फिन, म्हणजे ती पातळ पाती, वाढवत जायची का? पृष्ठभाग वाढतो हे खरं, पण फटी अरुंद होतात. पंख्याला हवा ढकलणं जड जातं आणि ती बाजूने निसटते. पंखा नसेल तर फटका आणखी मोठा, कारण तिथे हवा फक्त गरम होऊन हलकी झाल्यामुळे वर चढते. एका मर्यादेनंतर जास्त फिन म्हणजे जास्त गरम चिप!

बरं, सगळा हीटसिंक तांब्याचा केला तर? तांबं ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट उष्णता वाहतं, पण रोध निम्मा होत नाही. खरी अडचण बहुधा धातूत नसते, फिनकडून हवेत जाताना असते. वजन मात्र तिपटीहून जास्त वाढतं.

मी चाचणी पुन्हा केली. या वेळी पंख्यात शिरणाऱ्या हवेचं तापमान प्रत्येक रीडिंगसोबत लिहिलं, प्रत्येक वेळी थर्मल पेस्ट नव्याने लावली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. पहिल्याचा रोध आला ०.५१, दुसऱ्याचा ०.४८. म्हणजे मी चांगला हीटसिंक नापास करून बसलो होतो.

तुम्हीही कूलर घेताना नुसत्या तापमानावर जाऊ नका. किती वॅटला आणि किती अंशांच्या खोलीत, हे आधी विचारा.