बायें मुड!

शाळेतली कवायत आठवते? ‘बायें मुड’ ऐकलं की काटकोनात डावीकडे वळायचं. तीच आज्ञा लागोपाठ दोनदा मिळाली तर? तोंड थेट उलट दिशेला!

आता संख्यारेषेवर पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या १ ला ही आज्ञा दोनदा द्या. तो −१ होतो. म्हणजे दोनदा केली की −१ हाती येईल अशी एक कृती सापडली की! ज्या −१ च्या वर्गमुळाला लोक ‘काल्पनिक’ म्हणून हिणवत आले, ते एवढं साधं निघालं : एक डावं वळण. गणितात त्याला ‘आय’ म्हणतात.

मग (१ + आय) म्हणजे काय? पूर्वेला एक पाऊल, उत्तरेला एक. निघालो तिथपासून अंतर √२, दिशा ४५ अंश. आता या संख्येचा दहावा घात काढा बरं. कंसाला कंस गुणत बसलात तर पान भरेल, आणि वजाचं एखादं चिन्ह निसटणारच.

थोडं थांबून बघू. एखाद्या बाणाला (१ + आय) ने गुणायचं म्हणजे तो बाण आणि त्याचाच डावीकडे वळवलेला जुळा यांची बेरीज करायची. दोन सारखे बाण, मध्ये काटकोन. बेरीज म्हणजे चौरसाचा कर्ण! बाण कुठलाही घ्या, तो ४५ अंश वळतो आणि √२ पट लांबतो. दर गुणाकाराला तेच.

दहा वेळा वळलो की ४५० अंश. त्यात एक पूर्ण गिरकी जिरली, उरले ९०. लांबी √२ चा दहावा घात, म्हणजे ३२. उत्तर : ३२ आय. संपलं! कंस एकही सोडवला नाही.

(१ + आय) सारख्या कुठल्याही संख्येला, म्हणजे संमिश्र संख्येला, हेच लागू. कोनाची कोज्या आणि ज्या वापरून ती लांबी व कोन अशी मांडायची. (ही ‘ज्या’ आर्यभटाच्या कोष्टकातलीच.) घात काढताना घात फक्त लांबीचा, कोनाला नुसतं घातांकाने गुणायचं.

हा नियम अब्राहम द मुआव्र याच्या नावाने ओळखला जातो. प्रॉटेस्टंट म्हणून फ्रान्स सोडावा लागलेला हा माणूस लंडनमध्ये शिकवण्या करून पोट भरायचा. त्याच्या १७०७ आणि १७२२ च्या लेखांत या नियमाचा गाभा आहे. आजचं रूप ऑयलरने १७४८ मध्ये दिलं. पण गंमत बघा, आपण आत्ता काढलं ते वळणांचं चित्र दोघांपाशी नव्हतंच! ते १७९७ मध्ये मांडलं कास्पार वेसेल या सर्वेक्षकाने, तेव्हा द मुआव्रला जाऊन ४३ वर्षं झाली होती. जमीन मोजणाऱ्यालाच लांबी आणि दिशा सुचावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता उलटं चालू. १ चं घनमूळ किती? ‘एक!’ म्हणाल. पण १२० अंशांचं वळण तीनदा घेतलं तरी आपण पुन्हा पूर्वेलाच. २४० चं घेतलं तरीही. म्हणजे घनमुळं तीन, वर्तुळावर समभुज त्रिकोणाच्या टोकांशी उभी. सतरावी मुळं काढलीत तर सतरा टोकं, सारख्या अंतरावर. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने याच सतरा मुळांशी झटून दाखवून दिलं, की नियमित सतराकोन नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. दोन हजार वर्षांत ते कुणाला सुचलं नव्हतं.