सुट्टीतील वाचन आणि घरची मराठी

मे महिन्याची सुट्टी लागली की पालकांची धावपळ सुरू होते. पोहणे, चित्रकला, कराटे आणि पाठोपाठ पुढील इयत्तेची शिकवणी! या गर्दीत अवांतर वाचनाला जागा उरत नाही.

वसई धर्मप्रांतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपली अनेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मिस्सा मात्र मराठीत होते. वेदीजवळ पहिले वाचन करावयास उभे राहिलेले मूल जोडाक्षरापाशी अडखळते. काही मुले तर ते वाचन रोमन लिपीत उतरवून आणतात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने मराठी आत्मसात करून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. त्या परंपरेच्या वारसांना देवनागरी परकी वाटावी, हे आम्हास क्लेशदायक वाटते.

यावर खर्चिक उपायाची गरज नाही. संध्याकाळच्या रोझरीनंतर वीस मिनिटे घरातील सर्वांनी एकत्र बसावे व एकेकाने एकेक पान मोठ्याने वाचावे. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ने आरंभ करावा. उपदेशपर पुस्तक पहिल्याच दिवशी हाती देऊ नये. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मोठ्या मुलांना सहज समजेल. वाचून झाल्यावर प्रश्न मात्र विचारू नयेत. परीक्षेचा वास आला की मूल पुस्तक मिटते. आणि वडील स्वतः मोबाईलमध्ये गुंतलेले असतील, तर मुलाला वाचायला सांगणे व्यर्थच.

वाचनाला पायांचीही जोड हवी. संत गोन्सालो गार्सिया वसईचे सुपुत्र. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ साली ते संत घोषित झाले. त्यांचे चरित्र घरी वाचून मग मुलांना किल्ल्यातील त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये न्यावे. चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीमही तेथेच सांगता येईल.

आजी-आजोबा घरी असतील, तर एक कोरी वही मुलांच्या हाती द्यावी. रहाट, बावखल, सुकेळी हे शब्द आणि त्यांमागील हकिकती मुलांनी आजीला विचारून मराठीत लिहाव्यात. अक्षर कसेही येवो, शुद्धलेखन जूनमध्ये पाहता येईल.