झाडीपट्टीची गाणी रात्र जागवतात!

मैत्रिणींनो, फराळाचे डबे तळाला लागले, की आमच्या गोंदियाकडे बायकांच्या बोलण्यात एकच विषय असतो. "यंदा तुमच्या गावची मंडई कधी?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "अन् रात्री नाटक कोणतं?"

पुण्या-मुंबईच्या वाचक भगिनींसाठी थोडं सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या सुमारास धान घरात यायला लागतं, हातात चार पैसे खुळखुळतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, बांगड्यांची आणि मिठाईची दुकानं लागतात. उपवर मुलामुलींची स्थळंही इथेच नजरेखालून जातात बरं का! आणि रात्र पडली, की सुरू होतं गाणं.

ही गाणी कुणा एका कंपनीची नाहीत. दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीचं नाटक अशी त्यांची तीन घरं. दंडार गावातलीच मंडळी करतात. दिवसा नांगर धरणारा हात रात्री ढोलकीवर पडतो. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत आले. खडी गंमत उभ्या उभ्या सादर होते, म्हणून ती 'खडी'. शाहीर, त्याचे साथीदार, ढोलकी, तुणतुणं आणि बाईच्या वेषातला नाच्या, एवढ्यावर सारी रात्र रंगते. लोकांना नवं हवं असतंच, पण खरी फर्माईश होते ती जुन्या, तोंडपाठ गाण्यांची. आजोबांनी ऐकलेलं पद नातू पुन्हा मागतो. गाणाऱ्याचा आवाज बदलतो, पण चाल तीच राहते.

नाटकाचा थाट मात्र मोठा. त्याचं मुख्य केंद्र गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदियाहून चंद्रपूरला जाणाऱ्या रेल्वेवरच ते लागतं. हंगामात नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे गजबजून जातात. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं विकतं, शेतात मंडप घालतं. रात्री उशिरा पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. पूर्वी लोक बैलगाड्या जुंपून लांबून येत. जंगलातून अंधारात परतायचं कसं? त्यापेक्षा उजाडेपर्यंत नाटकच चालू दे, हा सरळ हिशेब होता. आता मोटारसायकली आल्या, तरी रात्रभराची सवय सुटली नाही.

या नाटकांत गाणं हवंच. ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढे बसतात. अलीकडे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले. विषय मात्र आपल्याच घरातले असतात. हुंडा, दारू, सासुरवास, कर्जात बुडालेला शेतकरी. नायिका रडते तेव्हा प्रेक्षकांतले कितीतरी पदर डोळ्यांना लागतात.

पडद्यामागची बाई

आता जरा आपल्या मनाला विचारू या. पुढे पुरुषांच्या जागी स्त्रिया रंगमंचावर आल्या. काही झाडीपट्टीतल्याच, तर काही नागपूरकडून, मुंबई-पुण्याकडूनही येतात. हंगामात आज या गावी, उद्या त्या गावी अशी रोजची धावपळ. दुपारी प्रवास, रात्री उभं राहायचं, पहाटे रंग पुसायचा. पैसे मिळतात ते त्या रात्रीचे, आपल्याकडे सगळे त्याला 'नाईट' म्हणतात. आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाची तर नाहीच.

रात्री आपण तिच्या गाण्याला टाळ्या देतो आणि सकाळी विहिरीवर तिच्याच चारित्र्याची चर्चा करतो. हे बरं आहे का? मी शाळेत शिकवते. गोड गळ्याच्या मुलींना स्नेहसंमेलनात सगळे पुढे करतात, पण तीच मुलगी "मला नाटकात गायचंय" म्हणाली, की घर डोक्यावर घेतात. मुलाला मात्र "छंद आहे, करू दे" असं म्हणतात.

ही कला टिकेल की नाही, याचं उत्तर थोडं आपल्या स्वयंपाकघरातही आहे. २०२० साली करोनामुळे मंडया थांबल्या आणि रोजच्या 'नाईट'वर पोट असलेली घरं एकाएकी रिकामी बसली. आता नाटकं पुन्हा उभी राहिली आहेत, पण सिनेमाच्या गाण्यांवरच्या अचकट नाचांना गर्दी लोटते, तेव्हा जुन्या पदांना कोण थांबणार? २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीने जी कला ओळखली, ती आपल्या उंबरठ्यावर परकी राहू नये.

आपल्याला काय करता येईल?

पहिलं म्हणजे, सगळ्या घराने मिळून नाटकाला जावं. बायका मोठ्या संख्येने बसल्या, की मंडळंही नाटक निवडताना विचार करतात. शाल, कानटोप्या, अंथरायला सतरंजी आणि थर्मासभर चहा न्यावा, कारण पहाटेची थंडी फार झोंबते. लहानग्याला दुपारी झोपवून घ्यावं, म्हणजे रात्री तो आणि आपण दोघंही सुखी!

दुसरं, आपल्या गावात नाटक असेल तर कलावंत बायकांची सोय मंडळाला विचारून घ्यावी. रंगायला आडोसा आहे का, दाराला कडी आहे का, संडास जवळ आहे का? या गोष्टी पुरुषांच्या ध्यानात येतीलच असं नाही. गरम वरण-भात कुणाच्या घरून गेला, तर त्याचा आनंद वेगळाच.

तिसरं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत घाईचं. सासूबाई, आई, आत्या यांच्या तोंडी रोवणीची गाणी आहेत. चिखलात ओणवं होऊन रोप लावताना त्या गात आल्या. कुठल्याही नाटकाच्या तिकिटावर ती ऐकायला मिळायची नाहीत. मोबाईल तर आता घरोघरी आहे. भाजी निवडताना तो शेजारी ठेवा आणि म्हणा, "आत्याबाई, ते रोवण्याचं म्हणा ना!" शब्द वहीत उतरवून घ्या. कोणत्या गावचं गाणं, कुणी म्हटलं, तेही लिहा. आज लाजून 'विसरले' म्हणणाऱ्या आत्याबाई दुसऱ्या कडव्याला आपोआप सुरात येतात, हा माझा अनुभव आहे.

दागिने आपण लेकीसाठी जपून ठेवतो. ही वही त्याच डब्यात ठेवा. आणि लेक गायला लागली, तर तिला थांबवू नका.