साक्ष आणि मुद्देमाल (भाग ६) : कानापासून इंचभर

जून १९६८. लॉस एंजेलिसमध्ये डुकरांचे कान लक्ष्य म्हणून लावून त्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. प्रयोग करवून घेत होते काउंटीचे मुख्य शवविच्छेदक डॉ. थॉमस नोगुची. डुकराचं कातडं माणसाच्या कातड्याला बरंच जवळचं. बंदुकीची नळी एकेक इंच मागे घेतली, की कानावर उमटणारी काजळी आणि दारूच्या कणांचे ठिपके बदलत जात. नोगुचींना त्यांतला एकच नमुना हवा होता, रॉबर्ट केनेडींच्या उजव्या कानावर त्यांनी स्वतः पाहिलेला. तो जुळला तेव्हा नळी कानाच्या कडेपासून जेमतेम इंचभर होती.

गेल्या आठवड्यात आपण गांधीहत्येतल्या तथाकथित ‘चौथ्या गोळी’चा वाद पाहिला. तिथे मारेकरी समोर उभा होता आणि जखमाही समोरून झालेल्या होत्या. भांडण होतं ते मोजणीचं. इथे साक्षीदार एकीकडे बोट दाखवतात आणि जखमा दुसरीकडे.

५ जूनच्या मध्यरात्रीनंतरची ही घटना. कॅलिफोर्नियातली प्राथमिक निवडणूक जिंकल्याचं भाषण आटोपून केनेडी अँबॅसेडर हॉटेलच्या मुदपाकखान्यालगतच्या अरुंद वाटेने निघाले होते. एका बाजूला बर्फाचं यंत्र, दुसऱ्या बाजूला जेवण गरम ठेवायची टेबलं, आणि मध्ये सत्तरहून जास्त माणसांची दाटी. हॉटेलचा मुख्य वाढपी त्यांचा हात धरून वाट काढत पुढे चालला होता. सतरा वर्षांच्या एका पोऱ्याशी हस्तांदोलन करायला केनेडी थांबले आणि पुढून सिरहान सिरहान हा चोवीस वर्षांचा तरुण हातात रिव्हॉल्व्हर घेऊन आला. केनेडी कोसळले, आणखी पाचजण जखमी झाले. सिरहानला जागच्या जागी पकडलं. ६ जूनला पहाटे केनेडी गेले.

आता जखमा. एक गोळी उजव्या कानामागे, दोन उजव्या काखेजवळ, आणि चौथी नुसती कोटाच्या खांद्यातून आरपार. चारही मागून पुढे, खालून वर गेलेल्या, चारही अगदी जवळून झाडलेल्या. मुख्य वाढप्याची साक्ष मात्र अशी, की सिरहान समोर होता आणि नळी दीड-दोन फुटांच्या आत कधी आलीच नाही. त्याने आणखी एक सांगितलं, ते जास्त अडचणीचं आहे. दुसऱ्या गोळीनंतर आपण सिरहानचा हात टेबलावर दाबून धरला, असं तो म्हणतो. मग उरलेल्या गोळ्या केनेडींच्या पाठीमागून, इतक्या जवळून गेल्या कशा?

पुष्कळ लेखक इथेच दुसरा मारेकरी उभा करून मोकळे होतात. पण त्याआधी साक्षीदार नेमकं काय पाहत होते, हे विचारायला हवं. पहिला आवाज अनेकांना फटाक्यासारखा वाटला. आवाज झाल्यावर मान वळवून पाहिलं, तर पहिला क्षण हातचा गेलेलाच असतो. केनेडी हस्तांदोलनासाठी डावीकडे वळले होते, त्यामुळे समोरच्याला त्यांची उजवी बाजू आणि कानामागचा भाग दिसणं अशक्य नव्हतं. मागून गर्दी रेटत होती. नळी कानाशी टेकत आलेली आपण पाहिली, असं त्या सत्तर जणांपैकी कुणीही सांगितलं नाही, सिरहानच्या बाबतीतही नाही आणि दुसऱ्या कुणाच्या बाबतीतही नाही. म्हणजे निर्णायक गोळीला प्रत्यक्षदर्शी साक्षीदारच नाही!

मग मुद्देमालाकडे वळायचं. तो तरी शपथेवर खोटं बोलत नाही, असं आपण धरून चालतो. या खटल्यातल्या मुद्देमालाचं काय झालं, ते पाहा.

सिरहानच्या इव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हरमध्ये आठ गोळ्या मावत. पोलिसांनी आठही गोळ्यांचा हिशोब लावला. त्यात एक गोळी छताच्या पोकळीत हरवली आणि एक छतावर आपटून खाली येऊन एका बाईंना लागली. हिशोब काठोकाठ. नववी गोळी निघाली, की दुसरी बंदूक आलीच. आणि दाराच्या लाकडी चौकटीत भोकं होती. त्यांकडे बोट दाखवणाऱ्या पोलिसांचे फोटो छापून आले. एफबीआयच्या छायाचित्रांखालीही ती गोळ्यांची भोकं म्हणून नोंदली गेली. पोलिसांचं म्हणणं, ती गोळ्यांची नव्हेत. चौकट पुन्हा तपासली, की निकाल लागला असता. पण खटला संपल्यावर १९६९ मध्ये चौकटीचं लाकूड आणि छताचे तुकडे नष्ट करण्यात आले. ते कार्डांच्या कपाटात मावत नव्हते, असं कारण पुढे देण्यात आलं. अपील अजून बाकी होतं. हे वाचून एखाद्या तालुका ठाण्याचा मुद्देमाल कारकूनही कपाळाला हात लावील.

पाकिटाची गोष्ट तर याहून वाईट. जुळवणीसाठी पाण्यात झाडलेल्या गोळ्या ज्या पाकिटात घालून न्यायालयात दाखल झाल्या, त्यावर रिव्हॉल्व्हरचा क्रमांक होता एच १८६०२. सिरहानच्या शस्त्राचा क्रमांक एच ५३७२५. पोलीस तज्ज्ञ डिवेन वुल्फर यांनी ती लिहिण्यातली चूक ठरवली. असेलही. त्याच बनावटीचं दुसरं रिव्हॉल्व्हर त्यांनी वेगळ्या चाचण्यांसाठी वापरलं होतं. तेही नंतर नष्ट झालं.

हे सगळं १९६९ च्या खटल्यात का निघालं नाही? कारण बचाव पक्षाने गोळ्या सिरहाननेच झाडल्या, हे मान्य करूनच टाकलं होतं. त्यांचा सगळा भर आरोपीच्या मनोवस्थेवर. त्याच्या वहीत केनेडींना मारलंच पाहिजे, असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडलं होतं, त्यामुळे वकिलांना दुसरा मार्ग दिसला नसावा. पण त्यामुळे नोगुचींच्या इंचभर अंतराची आणि त्या पाकिटाची कसून उलटतपासणी झालीच नाही. फाशीची शिक्षा झाली. कॅलिफोर्नियात फाशी रद्द ठरल्यावर १९७२ मध्ये ती जन्मठेप झाली.

१९७५ मध्ये न्यायालयाने सात शस्त्रतज्ज्ञ बसवले. गोळ्या याच रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या, असं त्यांना ठामपणे म्हणता आलं नाही. दुसरं शस्त्र होतं, असं दाखवणारंही काही मिळालं नाही. पुढे एका पोलिश पत्रकाराच्या ध्वनिफितीत एका तज्ज्ञाला तेरा आवाज ऐकू आले, तर तीच फीत ऐकून इतरांना आठांपलीकडे एकही सापडला नाही. शोधपत्रकार डॅन मोल्डिया यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्या बंदुकीचा पाठपुरावा केला आणि १९९५ च्या पुस्तकात सिरहान एकटाच होता, या निष्कर्षावर ते आले. उलट कपाळावर गोळी लागलेले कामगार नेते पॉल श्रेड यांनी २०१६ मध्ये पॅरोल मंडळापुढे सांगितलं, की केनेडींना सिरहानने मारलेलं नाही.

प्रस्तुत लेखकाचा कौल मोल्डियांच्या बाजूने झुकतो. धक्काबुक्कीत दीड फूट इंचावर यायला पापणी लवण्याइतका वेळ पुरतो, आणि दुसरं पिस्तूल एवढ्या दाटीत झाडून कुणाच्या नजरेस न पडता नाहीसं होणं त्याहून अवघड. तरीही हा कौल आहे, सिद्धता नव्हे. सिद्ध करायला जी चौकट लागते ती उरलेली नाही. हॉटेलही पाडलं गेलं. त्या जागी आता केनेडींच्याच नावाच्या शाळा भरतात. २०२१ मध्ये पॅरोल मंडळाने सिरहानच्या सुटकेची शिफारस केली. जानेवारी २०२२ मध्ये राज्यपालांनी ती फेटाळली.

(पुढील आठवड्यात : थोरल्या भावाच्या खुनातली, डॅलसच्या इस्पितळात स्ट्रेचरवर सापडलेली गोळी)