मीटरची मजुरी आणि घड्याळाचा हिशेब

भिवंडींत दिवसांतून दोन वेळां पाळी बदलते. एक विणकर मागावरून हात काढतो, दुसरा त्याच मागावर हात ठेवतो. मागाचा खडखडाट मात्र थांबत नाहीं. बारा तासांची ही पाळी तेथें इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कायद्याचा कांहीं प्रश्न असेल असें पुष्कळ मागमालकांच्या मनांतही येत नाहीं. त्यांना विचारल्यास उत्तर ठरलेलें असतें : "विणकर आमचा रोजंदार नव्हे. जितकें मीटर कापड विणील तितके पैसे नेईल. मग जादा वेळेचा प्रश्न येतोच कोठें?"

हें उत्तर वरवर बिनतोड वाटतें. कायद्यापुढें मात्र तें टिकत नाहीं. मीटर हें मजुरीचें माप आहे, श्रमाच्या मर्यादेचें नव्हे. मजुरी कापडावर मोजली म्हणून माणसाचा दिवस लांबत नाहीं, हा या विषयांतील मुख्य मुद्दा होय.

कामाच्या दिवसाला मर्यादा असावी, हा विचार आजचा नाहीं. १८८१ सालीं हिंदुस्थानांत पहिला कारखाना-कायदा झाला. त्यानें केवळ मुलांच्या कामाचे तास बांधले. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी पुढें मांडली. ती मान्य होण्यास १८९० साल उजाडावें लागलें. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढील तासांस दुप्पट दर ठरविला. त्याच वर्षीं किमान वेतनाचाही कायदा झाला. पुढें १९८२ च्या गिरणीसंपानंतर मुंबईचें पुष्कळसें विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलें; गिरणींतील आठ तासांची पाळी मात्र त्या कामाबरोबर तेथें गेली नाहीं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे जाऊन त्यांच्या जागीं नव्या संहिता आल्या आहेत. कामाची स्थिति व सुरक्षितता यांविषयींच्या २०२० च्या संहितेप्रमाणें, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीं दिवसाचे काम ८ तासांचें असावें, जादा काम कामगाराच्या संमतीनेंच घ्यावें आणि त्याचा दर दुप्पट असावा. २०१९ ची वेतन संहिता तर एकच विणकर असलेल्या गाळ्यासही लागू आहे. किमान वेतन आणि सामान्य दिवसापुढील तासांचा दुप्पट दर हे दोन्ही तिनें बंधनकारक केले आहेत.

याचा अर्थ आंकड्यांनीं स्पष्ट होईल. समजा, आठ तासांचा दिवस असलेल्या ठिकाणीं एका विणकरानें बारा तासांत मीटरच्या दरानें ७२० रुपये मिळविले. तासाला ६० रुपये पडले. पहिल्या आठ तासांचे ४८० रुपये झाले. पुढील चार तासांस १२० रुपयांचा दर लावला कीं आणखी ४८०, एकूण ९६०. हातीं पडले ७२०. रोज २४० रुपयांची बाकी राहिली. महिन्याचे २६ दिवस धरल्यास ती ६,२४० रुपये होते, आणि तीन वर्षांत २,२४,६४० रुपये. ही एका विणकराची बाकी! तासाचा मूळ दरच किमान दरापेक्षां कमी भरला, तर आधीं ती तूट भरावी लागते, व मग दुप्पट. हक्क मागण्यास वेतन संहितेनें तीन वर्षांची मुदत दिली आहे. शिवाय थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यास आहे.

यावर तीन सबबी नेहमीं पुढें येतात. विणकर राजीखुषीनें थांबतो, ही पहिली. परंतु जादा कामास दिलेली संमति म्हणजे दुप्पट दरावर सोडलेलें पाणी नव्हे. हक्काची रक्कम सोडून देण्याचा करारच कायद्यानें रद्दबातल आहे. माणसें मुकादम आणतो, ही दुसरी. मुकादमानें पैसे थकविले तर आस्थापनेच्या मालकास ते द्यावे लागतात. पैसे दिले होते, पण वही ठेवली नाहीं, ही तिसरी; आणि तीच सर्वांत महाग पडते. मजुरी दिल्याचें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. वही नसली म्हणजे खरें बोलणाऱ्या मालकासही पुरावा राहत नाहीं.

मागमालकाची अडचणही खोटी नाहीं. पुष्कळांजवळ स्वतःचें सूत नसतें. व्यापारी सूत देतो आणि बाण्याच्या धाग्यांच्या दाटीवर, म्हणजे 'पिका'वर, पैशांत मजुरी ठरवितो. त्यांतून वीज, गाळ्याचें भाडें आणि विणकर, तिन्ही भागवावे लागतात. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या, तर त्याच दरानें विणकराची कमाई ७२० वरून ४८० रुपयांवर येते. म्हणून विणकरही त्यास नाखूष असतो. गांठ खरी येथेंच आहे. व्यापाऱ्याशीं दर ठरवितांना मालक विजेचा आंकडा धरतो, जादा तासांचा धरीत नाहीं. आणि न धरलेला तो खर्च विणकराच्या झोपेंतून वसूल होतो.

म्हणून सूत घेण्यापूर्वींच दुप्पट दराचा हिशेब मांडावा. प्रत्येक विणकर कितीला आला व कितीला गेला, याची नोंद त्याच्या मीटरशेजारींच करावी. मजुरीबरोबर तिची चिठ्ठी द्यावी आणि जादा तासांची रक्कम तींत निराळी दाखवावी. एवढ्यानें मजुरीचा दर एका दिवसांत वाढणार नाहीं. परंतु आपल्या कापडाची खरी किंमत काय, हें मालकास प्रथमच कळेल, आणि व्यापाऱ्यापुढें बोलतांना त्याच्या हातीं आधार राहील. गाळ्याच्या भिंतीवर घड्याळ असतेंच. तें वहींत उतरलें पाहिजे.